मैल २६ : नौशेरा ते राजौरी

शनिवार, ६ एप्रिल २०२४. खडकी

झेलम एक्सप्रेस संध्याकाळची, म्हणून दिवस खडकीत घालवायचं ठरवलं होतं. बापूच्या ओळखीनं बॉम्बे सॅपर्सच्या केंद्रात शिरायला मिळालं. बापू माझा आतेभाऊ. मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार होऊन घरी आला. त्याच्या लेखी फौज म्हणजे पायदळ, बाकीचे सगळे मागून सामान आणणारे. मी उभा जन्म बांधकाम खात्यात रस्ते आणि रस्त्याखालून पाणी जायच्या मोऱ्या केल्या, त्यामुळे या विषयावर आमचं पुण्यापासून जम्मूपर्यंत एकमत झालं नाही.

आमच्या दोघांचे आजोबा एकच. माझ्या वडिलांचे वडील, त्याच्या आईचे वडील. आबा. १९४२ साली सातारा जिल्ह्यातल्या एका कोरडवाहू गावातून निघाले आणि इथं भरती झाले. पायदळात ज्याला शिपाई म्हणतात त्याला या दलात सॅपर म्हणतात. पूल बांधायचे, वेळ आली की तेच उडवायचे. सुरुंग पेरायचे, दुसऱ्यानं पेरलेले काढायचे. रस्ता नसेल तिथं करायचा. बेली ब्रिजबद्दल आबा आवडीनं बोलत. लोखंडी जाळीचा एक पॅनेल दहा फूट लांब, पाच फूट उंच, वजन पाचशे सत्तर पौंड. सहा जणांनी दांडे घालून उचलायचा, एकाचं पाऊल चुकलं की बाकीच्या पाचांची कंबर जाणार. पॅनेलला पॅनेल लावायचा, पिना ठोकायच्या, पूल रुळांवरून पुढं ढकलायचा. आबांच्या तोंडी पूल ‘बांधला’ असं कधी यायचंच नाही, ‘ढकलला’ असंच यायचं.

लढाईबद्दल मात्र काही नाही. लहानपणी मी विचारायचो, "काश्मीरला तुम्ही कुठं होता, आबा?"

"रस्त्याव."

एवढंच उत्तर. पुढं विचारलं तरी तेच, फक्त आवाज थोडा चढा.

त्यांच्या ट्रंकेत एक पदक होतं. लाल रिबन, त्यावर बारीक हिरव्या रेघा, वर जम्मू-काश्मीरची धातूची पट्टी. पदकावर भवानी तलवार, टोक वर. स्वतंत्र भारताच्या पहिल्यावहिल्या सेवापदकावर महाराजांची तलवार आहे हे मला फार उशिरा कळलं. आम्ही पोरं तिला नुसती ‘तलवार’ म्हणायचो आणि दिवाळीच्या किल्ल्यावर ते पदक ठेवायचो. आबांनी कधी हरकत घेतली नाही.

डिस्चार्ज बुकात कंपनीचं नाव आहे: ३७ असॉल्ट फील्ड कंपनी. या एका ओळीवरून गावात मोठं बांधकाम उभं राहिलं. कारण याच कंपनीतले सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांना १९४८ च्या काश्मीरच्या लढाईत नौशेरा-राजौरी रस्त्यावरचे सुरुंग आणि अडथळे काढल्याबद्दल परमवीर चक्र मिळालं, आणि ते स्वीकारायला हयात असलेले ते पहिले वीर. गावच्या सांगण्यानुसार आबा राण्यांच्या शेजारी रांगत होते. काही जणांच्या मते तर राण्यांच्या पुढं. मी हिशेबी माणूस. फील्ड कंपनीत दोनशेच्या वर माणसं असतात, आणि राण्यांच्या हाताखाली त्या चार दिवसांत तिच्यातली एक तुकडी होती. आबा त्या तुकडीत होते की मागं भराव टाकत होते, हे बुकात नाही. आबांनीही कधी सांगितलं नाही. ‘होतो’ म्हणाले नाहीत, आणि सरपंचांनी सत्काराच्या भाषणात तसं ठोकून दिलं तेव्हा ‘नव्हतो’ असंही म्हणाले नाहीत. नारळ घेतला आणि खाली बसले.

राणे मूळचे कारवारजवळच्या चेंडियाचे, जन्म १९१८ चा. १९४० साली याच दलात साधे सॅपर म्हणून आले, ब्रह्मदेशात हवालदार झाले, डिसेंबर १९४७ मध्ये अधिकारी झाले, आणि पुढच्या एप्रिलमध्ये हे घडलं. १९९४ साली पुण्यातच वारले. म्हणजे मी पुण्यात शिकत होतो तेव्हा ते याच शहरात असणार. तेव्हा मला सुचलं नाही. त्या वयात काय सुचतं?

दलाचं दुसरं मोठं नाव प्रेमिंद्रसिंग भगत. १९४१ मध्ये ॲबिसिनियाच्या, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या, मोहिमेत ते तरुण अधिकारी होते. चार दिवसांत पंचावन्न मैल रस्त्यावरची पंधरा सुरुंगक्षेत्रं त्यांनी मोकळी केली आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. स्मारकासमोर उभा असताना माझ्या डोक्यात आलं ते बापूला सांगितलं: दलाच्या या दोघांची सर्वोच्च पदकं, आणि दोन्ही रस्ता साफ केल्याबद्दल. किती शत्रू मारले हा प्रश्नच नाही.

बापू म्हणाला, "त्या रस्त्यावरून आम्ही पुढं गेलो नसतो तर साफ करून काय उपयोग?"

मुद्दा बरोबर होता. मी चहा सांगितला.

रविवार, ७ एप्रिल. गाडीत

भोपाळ सकाळी, दिल्ली रात्री. डब्यात निम्मे जवान, सुट्टी संपवून परत निघालेले. समोरच्यानं विचारलं, सिम प्रीपेड आहे का? बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही. आमच्या दोघांचीही प्रीपेड. बापूला हे माहीत असायला हवं होतं. तो म्हणाला, त्याच्या वेळी पत्रं होती. हे खोटं आहे.

दिवसभर काही काम नाही, तर आबांच्या उस्तादाची गोष्ट लिहून टाकतो. लढाईबद्दल न बोलणारा माणूस उस्तादाबद्दल मात्र बोलायचा.

१९४७ पूर्वी बॉम्बे सॅपर्समध्ये मराठे, शीख आणि पंजाबी मुसलमान अशी भरती असायची. आबांना सुरुंगाचं काम शिकवणारा उस्ताद झेलमकडचा. ही गाडी झेलमच्या नावाची आहे आणि झेलमला जात नाही, यावर आबा प्रत्येक वेळी हसायचे. उस्तादानं शिकवलेलं त्यांनी मला शिकवलं. मी नऊ-दहा वर्षांचा असेन. घराच्या बांधकामाची वाळू आली होती. तिच्यात त्यांनी एक पितळेची ताटली पुरली, वर हात फिरवून वाळू सारखी केली आणि माझ्या हातात सायकलची तार दिली.

"हुडक."

मी तार सरळ उभी खुपसली. ठण्ण आवाज आला. मला वाटलं, सापडली.

"मेलास," आबा म्हणाले.

मग पोटावर झोपायला लावलं. तार तिरकी धरायची, जमिनीला जवळजवळ लागून, आणि हलक्या हातानं सरकवायची. सुरुंगाचा दाब वरच्या थाळीवर असतो. उभी सळई थाळीवर बसते. तिरकी गेली की कडेला लागते आणि कडेला लागल्यानं काही होत नाही. दोन बोटं पुढं, पुन्हा तिरकी. लागलं की हत्यार बाजूला ठेवायचं आणि बोटांनी माती काढायची, कडेकडेनं, आंधळ्यानं भाकरी चाचपावी तशी. वर उचलायची घाई करायची नाही. खाली दुसरं काही लावलेलं असू शकतं. खालून बोट फिरवून बघायचं, आणि शंका आली की दोर बांधायचा, लांब आडोशाला जायचं, मग ओढायचं. या सगळ्याला मला पाऊण तास लागला. आबा शेजारी उकिडवे बसून होते, एकदाही घाई कर म्हणाले नाहीत. आईनं जेवायला हाक मारली तर तिच्यावरच ओरडले.

फाळणीत फौजेचीही वाटणी झाली. दलातले पंजाबी मुसलमान पाकिस्तानात गेले. उस्तादही गेले. जाताना आबांना त्यांनी स्वतःचा मग दिला. तो चहाचा मग आमच्याकडे पुष्कळ वर्षं होता, पुढं त्यात कडुनिंबाच्या काड्या असायच्या.

आणि मग १९४८. त्या रस्त्याबद्दल आबा सलग असं एकच वाक्य बोललेले मला आठवतात. कोणीतरी विचारलं होतं की पाकिस्तानकडून आलेल्या टोळीवाल्यांना सुरुंग पुरायला कसे जमायचे. आबा म्हणाले, "काय काय पुरल्यालं बघून कळायचं, हात शिकल्याला हाय."

सोमवार, ८ एप्रिल. जम्मू

सकाळी उतरलो. सोमवती अमावास्या. वडिलांची सक्त ताकीद होती की अमावास्येला पुढचा रस्ता धरायचा नाही. वडील ऐंशीच्या घरात, गुडघे गेलेले, नाहीतर तेच आले असते. तेव्हा आजचा दिवस जम्मूत. रघुनाथ मंदिर पाहिलं, राजमा-भात खाल्ला, तव्यावर भाजलेली कलाडी खाल्ली. ती चीजसारखी असते आणि बापूनं चार प्लेट संपवल्या.

अकरा वाजता मी लॉजवर राण्यांच्या मानपत्राची प्रत काढून बसलो. मुद्दाम अकराला. ८ एप्रिल १९४८ ला याच वेळी नदपूरजवळ त्यांची तुकडी रणगाड्यांशेजारी थांबली होती, सुरुंग काढायला पुढं जायच्या तयारीत. शत्रूच्या उखळी तोफा सुरू झाल्या. दोन जण ठार, पाच जखमी, त्या पाचांत राणे स्वतः. त्यांनी तुकडी पुन्हा लावली आणि काम सुरू केलं. साडेचारच्या सुमाराला बरवाली धार, म्हणजे तिथला डोंगरकणा, हातात आली. लगेच पुढं जाऊन त्यांनी रणगाड्यांसाठी डायव्हर्जन, म्हणजे बाजूची वाट, करायला घेतलं, रात्री दहापर्यंत, मशीनगनच्या माऱ्यात.

हे मानपत्र वाचताना मला प्रत्येक वेळी एकच वाटतं. ते साइटवरच्या डायरीसारखं आहे. ९ तारखेला सकाळी सहाला काम सुरू, दुपारी तीनला डायव्हर्जन तयार. अर्ध्या मैलावर चिडाची झाडं आडवी, उडवली. तीनशे यार्डांवर पुन्हा तेच. पाच वाजता पडलेली मोरी. बाजूनं वाट केली. सव्वासहाला पाच मोठी झाडं, भोवती सुरुंग, वरून मशीनगन; अंधार झाला म्हणून थांबले. १० तारखेला पहाटे पावणेपाचला सुरू, साडेसहाला मोकळं. पुढच्या हजार यार्डांत अडथळेच अडथळे, साडेदहाला मोकळं. मी आयुष्यात शेकडो डायऱ्या लिहिल्या आणि तपासल्या. एवढ्या अचूक वेळा मी फक्त ठेकेदाराशी भांडण असेल तेव्हा लिहायचो.

राण्यांची सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट म्हणजे ते रणगाड्याखाली सरपटत गेले, आणि दोन दोर हलवून चालकाला कुठं वळायचं ते सांगत राहिले. मानपत्रात ती नाही. डायरीत अशा गोष्टी येत नाहीतच.

मंगळवार, ९ एप्रिल. अखनूर, सुंदरबनी, नौशेरा

गुढीपाडवा. लॉजच्या खिडकीला बापूनं पंचा आणि स्टीलचा पेला लावून गुढी केली. मॅनेजरनं विचारलं, हे काय? बापू म्हणाला, आमचं नवीन वर्ष. मॅनेजर म्हणाला, आमचंही, आजपासून नवरात्र. एक नमस्कार झाला आणि निघालो.

गाडी भाड्याची, ड्रायव्हर नौशेऱ्याचाच, पंचविशीतला पोरगा. अखनूरला चिनाब ओलांडली. या गावाचा पूल हाती यावा म्हणून १९६५ मध्ये पाकिस्ताननं रणगाडे घातले होते. नौशेरा, राजौरी, पूंछ या सगळ्यांची रसद याच पुलावरून जाते. पात्र मोठं, पाणी दुधाळ निळं. फोटो काढायचा नाही हे सांगावं लागलं नाही, बंदूकवाला उभाच होता. निवडणुकीचे दिवस, तपासणी जास्त. आधार कार्ड सात वेळा दाखवलं.

अखनूरनंतर डोंगर सुरू होतात. चौकी चौरा, भांबला, सुंदरबनी. रस्ता रुंद होतोय, सीमेवरचे रस्ते करणाऱ्या बीआरओचं काम जागोजागी. इथला डोंगर म्हणजे मऊ वालुकाश्म आणि माती यांचे थर. कापला की सुटतो. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ सुरुंगाशिवाय फुटत नाही, पण फुटल्यावर उभा राहतो. इथं कापायला सोपं आणि टिकवायला कठीण. एका ठिकाणी ताज्या कटाची माती पावसानं अर्ध्या रस्त्यावर आली होती. मी ड्रायव्हरला थांबायला सांगितलं, उतरून माती हातात घेतली. बापू गाडीतून ओरडला, "बिल काढायचंय का?"

नौशेऱ्याजवळ सातशे मीटरचा बोगदा याच वर्षी जानेवारीत आरपार झाला. अजून वाहतूक नव्हती. बाहेरून बघितला. पूर्वी जिथं फौजेला वळसा घालावा लागे तिथून उद्या गाड्या मिनिटभरात जातील, हे आबांना सांगायला हवं होतं. त्यांनी पहिल्यांदा पाण्याचं विचारलं असतं. बोगद्यात पाणी कुठून काढलंय?

नौशेरा दुपारी. नौशेरा म्हणजे नवं शहर. मुघल बादशहा काश्मीरला जायचे तो रस्ता इथून जातो. फौजेच्या लोकांना हे गाव ब्रिगेडियर मोहम्मद उस्मान यांच्यामुळे माहीत. नोव्हेंबर-डिसेंबर १९४७ मध्ये एकेक गाव जात होतं, झांगडही गेलं. झांगड परत घेईपर्यंत पलंगावर झोपणार नाही असं त्यांनी ठरवलं आणि कडाक्याच्या थंडीत चटईवर झोपले. ६ फेब्रुवारी १९४८ ला नौशेऱ्यावरचा मोठा हल्ला परतवला. त्याच दिवशी तैनधारच्या ठाण्यावर नायक जदुनाथ सिंग एकटे उरले तरी लढले आणि पडले, त्यांनाही परमवीर चक्र. १८ मार्चला झांगड परत मिळालं. तेव्हा कुठं ब्रिगेडियर पलंगावर झोपले. ३ जुलैला झांगडलाच तोफगोळ्यानं गेले. झांगड नियंत्रण रेषेला लागून आहे, जायला परवानगी लागते. आम्ही गेलो नाही.

संध्याकाळी चहाच्या टपरीवर एका म्हाताऱ्याला बरवाली विचारलं. त्यानं हात उत्तरेला केला. त्या दिशेला एकामागं एक पाच धारा होत्या. कुठली, असं विचारल्यावर त्यानं पुन्हा तसाच हात केला.

बुधवार, १० एप्रिल. नौशेरा ते राजौरी

सकाळी सहाला निघालो. मानपत्रातल्या वेळेला मान म्हणून. बापूला हे कारण पटलं नाही.

आधी मैल २६ चा घोळ. मानपत्र म्हणतं, राण्यांना नौशेरा-राजौरी रस्त्यावर मैल २६ ला सुरुंग काढायच्या तुकडीचा ताबा दिला. आमच्या खात्यात कुठल्याही रस्त्यावर पहिला वाद हाच: साखळी, म्हणजे रस्त्याची मोजणी, कुठल्या टोकापासून? नौशेऱ्याकडून सव्वीस मैल मोजले तर माणूस राजौरीच्या जवळ पोचतो, आणि काम तर सुरू झालं इकडं. बरवाली धार नौशेऱ्याच्या उत्तरेला अकरा किलोमीटर. राजौरीकडून मोजलं तर मात्र सव्वीस मैल बरोबर बरवालीच्या अलीकडं येतात. म्हणजे दगड राजौरीकडून मांडलेले असणार. रात्री दोन वाजता अंथरुणात हे सुटलं तेव्हा मी बापूला उठवून सांगितलं. तो काय म्हणाला ते लिहीत नाही.

आता मैलाचे दगड नाहीत, किलोमीटरचे आहेत, तेही अर्धे रुंदीकरणात उपटलेले. गाडीच्या मीटरवर आठ किलोमीटर झाल्यावर मी उतरलो आणि चालायला लागलो. तवी नदी कधी खाली दिसते, कधी नाही. डोंगरावर चीड, खाली पायऱ्यांची शेतं, गहू पिवळा पडायला लागलेला. रस्ता वळतो आणि वळतच राहतो. वळणाच्या पोटात उभं राहिलं की मागचं दिसत नाही, पुढचं दिसत नाही, आणि वरून कोणालाही तुम्ही स्पष्ट दिसता. इथं पाच झाडं आडवी टाकायला अक्कल लागत नाही. त्यातलं प्रत्येक झाड उचलायला लागते.

दीडेक किलोमीटर गेल्यावर ती मोरी दिसली. नव्या रस्त्याची काँक्रीटची पेटी-मोरी, आणि तिच्या खालच्या अंगाला जुन्या रस्त्याची दगडी कमान, आता वापरात नसलेली. मी खाली उतरलो. कमानीचा निम्मा भाग घडीव दगडाचा, चुन्यातला, सांधे करंगळीएवढे बारीक. दुसरा निम्मा भाग मिळेल त्या दगडाचा, सिमेंटमधला, सांध्यांत दोन-दोन बोटं जाड माल. दोन वेगळ्या काळांची, दोन वेगळ्या घाईची कामं. म्हणजे ही मोरी कधीतरी अर्धी गेली होती आणि कोणीतरी ती घाईत उभी केली होती. आता, मोऱ्या पुरातही जातात. दर पावसाळ्यात जातात, मी स्वतः शेकड्यानं बदलल्या आहेत. १९४८ असं त्या दगडावर कुठंही लिहिलेलं नव्हतं. तरी मी वाकलो आणि कमानीची रुंदी आबांच्या पद्धतीनं मोजली, वीत आणि चार बोटं, वीत आणि चार बोटं. गावच्या ओढ्यावर श्रमदानातून मोरी बांधली तेव्हा त्यांच्याकडे टेप होती, पण मोजायचे असेच. सात वेळा हात फिरला.

तेवढ्यात वर शिट्टी वाजली.

रोड ओपनिंग पार्टी होती. या रस्त्यावर रोज सकाळी वाहतूक सुरू व्हायच्या आधी जवान पायी चालत जातात, बरोबर कुत्रा, सुरुंग शोधायचं यंत्र. रस्त्याची कड, मोऱ्या, दगडांचे ढीग बघत. आणि आज त्यांना मोरीखाली हात घालून बसलेला साठीचा माणूस सापडला होता. मी दोन्ही हात वर करून बाहेर आलो. बापू धावत आला, माजी सैनिकाचं ओळखपत्र काढलं, युनिटचं नाव घेतलं, आमचे आजोबा सॅपर होते हे एका दमात सांगितलं. ‘सॅपर होते’ हे त्यानं अशा आवाजात सांगितलं की पुण्यापासूनचं भांडण मी तिथंच माफ करून टाकलं.

पार्टीचा हवालदार चाळिशीचा. आधार बघितलं, माझे हात बघितले, मातीनं भरलेले. मग म्हणाला, "बाबूजी, पुलिया के नीचे देखना हमारा काम है. आप ऊपर रहिए."

कुत्रा मोरीत गेला, दुसऱ्या बाजूनं बाहेर आला, शेपूट हलवत. जवानाच्या हातात लांब बारीक सळई होती. कडेला मुरूम नुकताच हलवल्यासारखा एक उंचवटा होता, तिथं तो वाकला आणि सळई घातली.

तिरकी.

मी बघत राहिलो. दोन बोटं पुढं, पुन्हा तिरकी, थांबला, पुन्हा. काही नव्हतं. तो उठला, गुडघा झटकला, पुढं गेला. आमच्या ड्रायव्हरनं खिडकीतून विचारलं, चलें?

पुढं बकरवालांचा कळप आडवा आला. हिवाळा खाली काढून ते या दिवसांत वरच्या कुरणांकडं निघतात, आणि रस्ता त्यांचाच असतो. मेंढ्या, शेळ्या, घोड्यांवर सामान, एका घोड्यावर कोंबड्यांची टोपली. पाऊण तास थांबलो.

चिंगसला पोचलो तेव्हा दुपार टळत होती. ईद होती. रस्त्याच्या कडेला मुघलांची सराई: उंच दरवाजा, आत चौक, भोवती खोल्या, मशीद. नव्या कपड्यांतली पोरं चौकात पळत होती, त्यांतल्या दोघांनी आम्हाला शेवया आणून दिल्या. चिंगस म्हणजे फारसीत आतडी. १६२७ साली काश्मीरहून परतताना जहांगीर वाटेत गेला. वारसाचा निकाल लागेपर्यंत बातमी फुटू नये, म्हणून नूरजहाननं मृतदेह टिकवायला आतडी काढून इथं पुरली आणि बादशहा जिवंत असल्यासारखा काफिला लाहोरकडं नेला, असं सांगतात. कबरीजवळ चादर होती. बापू म्हणाला, "आतड्यांची सुद्धा कबर?" आणि मग बराच वेळ गप्प राहिला.

१० एप्रिल १९४८ ला रणगाडे रस्ता सोडून तवीच्या पात्रात उतरले आणि दुपारी दोनला इथं पोचले. रणगाडे पोचले म्हणजे मोहीम पोचली, असं बापूचं मत. पण मागं अन्न, दारूगोळा, जखमींच्या गाड्या, त्यांना पात्रातून येता येत नव्हतं. म्हणून राणे आणि त्यांची माणसं मागंच राहिली, न जेवता रात्री नऊपर्यंत रस्ता करत. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पुन्हा सुरू, अकराला चिंगसपर्यंत रस्ता खुला. आणि त्यानंतर पुढच्या रस्त्यावर रात्री दहापर्यंत. आबा त्या कंपनीतल्या कुठल्याही तुकडीत असोत, त्या रात्री याच कुठल्यातरी वळणावर असणार. एवढं मी खात्रीनं म्हणू शकतो. त्याहून जास्त मला म्हणायचंही नाही.

राजौरी अंधारात आली.

गुरुवार, ११ एप्रिल. राजौरी

१२ एप्रिल १९४८ ला फौज इथं शिरली. १९४७ च्या दिवाळीत हे शहर टोळीवाल्यांच्या हाती गेलं होतं आणि हजारो माणसं मारली गेली. त्यांच्या आठवणीत इथं बलिदान भवन आहे. तिथं गेलो, बसलो. दर १३ एप्रिलला राजौरी दिवस पाळतात, त्याची झाडलोट सुरू होती. रस्ता एक दिवस आधी झाला असता तर, किंवा एक दिवस उशिरा, असले विचार इथं मनात येतात. भवनातल्या माणसानं, कुठून आलात, विचारलं. सांगितल्यावर तो म्हणाला, त्याचे आजोबा तेव्हा सहा वर्षांचे होते, डोंगरात लपलेले, आणि गाड्यांचा आवाज आल्यावर खाली आले. रणगाड्यांचा का, असं मी विचारलं. नाही, म्हणाला, ट्रकांचा. रणगाड्यांच्या आवाजाला ते आणखी वर पळाले होते.

हे बापूनंही ऐकलं.

संध्याकाळी ड्रायव्हरच्या फोनवरून घरी फोन लावला. वडिलांनी आधी बापूला झापलं, चार दिवस फोन का नाही म्हणून. मग मला म्हणाले, "गेलास का त्या रस्त्यानं?"

"गेलो."

"कसा हाय रस्ता?"

"काम चालू आहे. रुंदी वाढवतायत, मोऱ्या नव्या करतायत. दोन ठिकाणी माती आलीय खाली."

"पाणी?"

"गटारं काढलीयत दोन्ही अंगाला. एका वळणावर राहिलंय काढायचं."

"मग ते बसणार," वडील म्हणाले.

"बसणार," मी म्हटलं.